दुखरा खांदा, रोजा आणि ईदचे शिवणकाम

रमजान हा उपवासाचा महिना, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र या महिन्यात घरोघरी सर्वाधिक राबतात ते हात, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पहाटे सहरीसाठी कणीक मळणारे हात, असरच्या नमाजनंतर इफ्तारची फळे चिरणारे आणि कढईसमोर उभे राहणारे हात, ईदच्या आधी माळ्यावरची भांडी उतरवून घासणारे हात, घराच्या भिंतींना रंग देणारे हात आणि रात्री तरावीह आटोपल्यावर पुन्हा शिलाई मशीनवर बसणारे हात. या सगळ्यांचा भार शेवटी खांद्यावर येतो. तो खांदा दुखायला लागला, की डोक्यावरून कुर्ता काढणे किंवा केसांची वेणी घालणे यांसारखी साधी कामेही अवघड होऊन बसतात.

खांदेदुखीची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक नेहमी आढळणारे कारण म्हणजे बर्सायटिस. हा आजार जिवावर बेतणारा नाही. पण तो झोप घेतो, काम थांबवतो आणि माणसाला निर्णयाच्या कोंडीत टाकतो. इंजेक्शन घ्यायचे की व्यायाम करायचा? ऑपरेशन लागेल का? आणि रमजान असेल तर आणखी एक प्रश्न : रोज्याचे काय?

मशीनवाली आपा

सोलापुरात विजापूर वेशीच्या आसपासच्या एका मोहल्ल्यात राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका बाईंना सारे 'मशीनवाली आपा' म्हणतात. पायमशीनवर शिकल्या, आता मोटर बसवलेल्या मशीनवर शिवतात. रमजानमध्ये ईदचे सलवार-कुर्ते, शरारे, मुलींचे फ्रॉक असतात. ईद उरकली, की शाळांच्या गणवेशांची कामे येतात. गणवेशाच्या धंद्यासाठी सोलापूरचे नाव दूरवर गेलेले आहे आणि त्या धंद्यातली बरीच शिलाई अशा घराघरांतून होते. वर्षभराच्या घरखर्चाची बेगमी करायची ती याच तीन-चार महिन्यांत.

यंदा शाबान महिन्यात, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, त्यांचा उजवा खांदा दुखू लागला. दुखणे नेमके खांद्याच्या टोकावर नव्हते, तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या वर. हात खाली असला की फारसे काही नाही. फळीवरून कापड काढायला वर नेला, की मध्येच एक कळ यायची. त्याहून वर गेला, की कळ कमी. रात्री उजव्या कुशीवर वळले, की झोपमोड ठरलेली. वय झाले, थंडी बाधली, असे म्हणत त्यांनी महिनाभर बाम चोळून काढला.

रमजान लागला आणि सुनेच्या लक्षात आले.

"अम्मी, मसाल्याचा डबा तुम्ही हल्ली डाव्या हातानं काढता. कणीकपण मलाच मळायला सांगता. काय झालंय?"

"काही नाही गं बेटा, जरा खांदा आखडलाय. ईद होऊ दे, मग बघू."

"ईदला अजून वीस दिवस आहेत, अम्मी. रात्रभर तुम्ही बसून असता, मला दिसतं ना."

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या खाला म्हणाल्या, एका पहिलवानाकडून मालिश करून घ्या, नस बसवून देतो. दुकानाच्या मालकाने सांगितले, त्याच्या मामूंचे दुर्बिणीतून ऑपरेशन झाले, चार दिवसांत घरी. एका दवाखान्यात सांगण्यात आले, आजच इंजेक्शन घ्या, चार दिवसांत मशीनवर बसाल. एका आठवड्यात तीन सल्ले, तिन्ही वेगळे. त्यात आपांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, हे या तिघांपैकी एकानेही विचारले नव्हते.

आत काय बिघडते?

आपल्या शरीरात जिथे हाडावर स्नायू किंवा स्नायूची दोरी घासण्याची शक्यता असते, तिथे निसर्गाने पातळ पिशव्या ठेवल्या आहेत. त्यांत थोडासा बुळबुळीत द्रव असतो. या पिशवीला बर्सा म्हणतात. मशीनला जसे तेल लागते, तसे तिचे काम. शरीरात अशा शंभराहून अधिक पिशव्या आहेत.

खांद्याच्या वरच्या बाजूला हाताने चाचपले, तर एक हाडाचे छप्पर लागते. हा खवाट्याच्या हाडाचाच पुढे आलेला भाग. या छपराखालून दंडाचे हाड उचलणाऱ्या स्नायूची दोरी जाते. छप्पर आणि दोरी यांच्यामध्ये जी पिशवी असते, तिला सूज आली की तो खांद्याचा बर्सायटिस. मुळात जागा अरुंद, त्यात पिशवी सुजलेली. त्यामुळे हात साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान असताना ती दाबली जाते आणि कळ येते. आपांची कळ मध्येच यायची आणि वर गेल्यावर कमी व्हायची, ती यामुळेच.

ही पिशवी एकटी क्वचितच सुजते. बहुतेक वेळा तिच्या खालची स्नायूची दोरीही थकलेली, झिजलेली असते. खांद्याचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणारे चार स्नायू असतात. त्यांना मिळून 'रोटेटर कफ' म्हणतात. वाढते वय, वर्षानुवर्षे त्याच त्या हालचाली, हात खांद्याच्या वर ठेवून केलेले काम, एखादे पडणे, कधी दोरीत साठलेले कॅल्शियम, कधी संधिवात, अशा कारणांनी हा भाग चिडतो. म्हणून आजकाल अनेक डॉक्टर 'बर्सायटिस' असा एकच शब्द न वापरता कफ आणि पिशवी यांचे मिळून दुखणे, असेच सांगतात.

आधी निदान, मग इलाज

खांदा दुखतो म्हणजे बर्सायटिसच, असे नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा गोठण्याचा आजार, म्हणजे फ्रोझन शोल्डर, बराच आढळतो. दोन्हींतला फरक साधा आहे. बर्सायटिसमध्ये रुग्णाने स्वतः हात उचलला तर दुखते, पण डॉक्टरांनी हळूच उचलून दिला तर तो बराच वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात अडकतो, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवताना. मानेतून येणारे दुखणे बहुधा कोपराच्या खाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, मान वळवली की वाढते.

काही खुणा मात्र थांबायला वेळ देत नाहीत. खांदा लाल आणि गरम झाला, ताप आला, तर पिशवीत किंवा सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पडल्यानंतर हात अचानक उचलताच येईनासा झाला, तर दोरी तुटलेली असू शकते. खांदा किंवा हात दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप लागत असेल, तर तो खांद्याचा नव्हे, हृदयाचा इशारा समजावा. अशा वेळी इफ्तारची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आपांना सून एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी हात वेगवेगळ्या दिशांना फिरवून पाहिला, मान पाहिली, ताकद तपासली. मग एक्स-रे आणि खांद्याची सोनोग्राफी सांगितली. एक्स-रेमध्ये हाड आणि कॅल्शियम दिसते, सोनोग्राफीत पिशवी आणि दोरी. एमआरआय सुरुवातीलाच करायची गरज प्रत्येकाला नसते. आपांच्या सोनोग्राफीत पिशवी जाड झालेली दिसली, दोरी झिजलेली होती, पण तुटलेली नव्हती. रक्तातली साखर मात्र बरीच वाढलेली निघाली.

व्यायाम, इंजेक्शन, ऑपरेशन

आता प्रश्न इलाजाचा. इथे गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राचे मत बरेच बदलले आहे आणि ते रुग्णांपर्यंत पोचणे गरजेचे आहे.

अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये असा विचार मांडला, की हाडाच्या छपराचा खालचा भाग दोरीवर घासतो, म्हणून तो थोडा तासून जागा मोकळी करावी. पुढे हे ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागले आणि जगभर लाखो लोकांवर झाले. मग कुणीतरी विचारले, की फायदा खरोखर हाड तासण्याने होतो, की ऑपरेशन झाले या भावनेने, विश्रांतीने आणि काळ गेल्याने?

ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटाचे हाड तासले. दुसऱ्या गटात दुर्बीण घालून फक्त पाहिले, काहीच तासले नाही. तिसऱ्या गटावर कोणतेच उपचार केले नाहीत. हाड तासलेले आणि न तासलेले, दोघांना सारखाच आराम पडला. काहीच न केलेल्या गटापेक्षा दोन्ही गट थोडे बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवावा इतका मोठा नव्हता. फिनलंडमधल्या अशाच अभ्यासातही तासलेले आणि फक्त पाहिलेले यांच्यात जाणवण्याजोगा फरक आढळला नाही. त्यानंतर २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट शिफारस केली, की अशा दुखण्यासाठी हे हाड तासण्याचे ऑपरेशन करू नये. हे लक्षात ठेवावे, की ही शिफारस दुखापतीने तुटलेल्या दोरीसाठी नाही. तिचा विचार वेगळा होतो.

इंजेक्शनचे काय? स्टेरॉइडचे इंजेक्शन पिशवीत दिले, की सूज उतरते आणि बऱ्याच जणांना काही आठवडे चांगला आराम मिळतो. २०२१ मध्ये ब्रिटनमध्येच ७०८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेतलेल्यांना आठ आठवड्यांपर्यंत जास्त आराम होता, पण वर्षभराने घेतलेले आणि न घेतलेले सारखेच निघाले. म्हणजे सुई दुखणे मुळातून काढत नाही, ती व्यायाम करता यावा इतकी उसंत देते. ही सुई वारंवार घेणेही योग्य नाही, कारण दोरी कमकुवत होण्याची भीती असते.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट गरिबांच्या जास्त कामाची आहे. काही रुग्णांना फिजिओथेरपिस्टने सहा वेळा बोलावून व्यायाम करून घेतले. काहींना एकदाच बोलावून, नीट समजावून, घरी करायचे व्यायाम दिले. वर्षाअखेर दोघांमध्ये विशेष फरक नव्हता. रोज रिक्षाभाडे आणि फी भरून दवाखान्यात जाणे ज्यांना जमत नाही, त्यांनी एकदा नीट शिकून घरी सातत्याने केले, तरी चालते. अट एकच, सोडायचे नाही. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात.

साखर, सुई आणि रोजा

आपांचा पहिला कल इंजेक्शनकडे होता. हातात चाळीस जोड्यांचे काम होते आणि माप घेतलेल्या मुली रोज दारात येत होत्या. डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावले. मधुमेह असलेल्याला खांद्यात दिलेले स्टेरॉइड रक्तातली साखर काही दिवस, कधी आठवडाभर, चढवून ठेवते. साखर आधीच वाढलेली, त्यात दिवसभर पाणी नाही. साखर चढली, की लघवीवाटे पाणी जाते आणि रोज्यात ते भरून काढता येत नाही. इंजेक्शन घ्यायचेच असेल, तर तेवढे दिवस रोजे थांबवावे लागतील आणि दिवसातून अनेकदा साखर तपासावी लागेल.

"डॉक्टरसाहेब, सुईनं रोजा तुटत नाही, असं आमच्याकडे सांगतात," आपा म्हणाल्या.

"तुटत नसेल. पण तुमची तब्येत मोडेल, त्याचं काय?"

या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. फिकहच्या अंगाने पाहिले, तर जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये ठराव करून सांगितले आहे, की पोषण देणारी सलाइन वगळता त्वचेतून, स्नायूतून किंवा शिरेतून दिलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही. त्वचेवर लावायचे मलम, औषधी पट्ट्या आणि तपासणीसाठी रक्त देणे यांनीही तुटत नाही. म्हणजे बोटाला टोचून साखर पाहायला रोजेदाराने कचरू नये. ज्याला शंका असेल, त्याने आपल्या आलिमना विचारावे. अनेक जण मात्र विचारतही नाहीत आणि तपासतही नाहीत, त्यात नुकसान होते.

दुसरी बाजू तब्येतीची. कुरआनच्या सूरह बकरामध्ये, आयत १८४ आणि १८५ मध्ये, आजारी आणि प्रवासी यांना रोजे पुढे ढकलून इतर दिवसांत पूर्ण करण्याची मुभा आहे. ही मुभा कमकुवत ईमानाच्या माणसासाठी ठेवलेली पळवाट नाही, तो त्याच हुकुमाचा भाग आहे. मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात, की रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा साखर वारंवार चढ-उतार करत असेल, तर रोजा ठेवायचा की नाही, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

वेदनाशामक गोळ्यांबाबतही काळजी हवी. सूज उतरवणाऱ्या अनेक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला त्रास होतो आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो. अनेक जण सहरीला चहाबरोबर एक गोळी टाकून दिवसभर राबतात. हे धोक्याचे आहे. मधुमेह, रक्तदाब, पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी अशा गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत. आपांना डॉक्टरांनी त्या टाळायला सांगून, रात्री इफ्तारच्या जेवणानंतर पॅरासिटामॉल दिले. शेकायला बर्फ सांगितला, फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे बदलून दिल्या.

मालिशचाही विषय निघाला. डॉक्टरांचे म्हणणे, हलके चोळले तर बरे वाटेल, पण सुजलेल्या पिशवीवर जोर लावून 'नस बसवणे' म्हणजे सूज वाढवणे. हात गळ्यात अडकवून ठेवणेही नको. खांदा पूर्ण बंद ठेवला, तर तो आखडतो आणि मधुमेहात तर लवकर गोठतो.

आपांनी काय ठरवले

दोन दिवस विचार करून आपांनी निर्णय घेतला. रमजानमध्ये इंजेक्शन घ्यायचे नाही. व्यायाम करायचा, साखर ताब्यात आणायची आणि ईदनंतर पुन्हा दाखवायचे. तोवर रात्रीची झोप सुधारली नाही, तर साखर खाली आल्यावर इंजेक्शनचा विचार करायचा. ऑपरेशनचा विषय बंद.

या निर्णयाची किंमत होती. चाळीस जोड्यांपैकी बावीस ठेवल्या, बाकीचे कापड परत केले. काही मुली नाराज झाल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर पुढच्या वर्षी येणार नाही, असेच सुनावले. मुलाने विचारले, "अम्मी, इतकं काम परत केलं, घरखर्चाचं कसं?" आपा म्हणाल्या, "हात राहिला तर गणवेश शिवीन. हातच गेला तर दोन्ही सीझन जातील."

डॉक्टरांनी शिकवलेला पहिला व्यायाम सोपा होता. टेबलावर डावा हात टेकून पुढे वाकायचे, उजवा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा मागे-पुढे, मग गोल फिरवायचा. हात खाली लोंबला, की छपराखालची जागा मोकळी होते. हा व्यायाम बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. १९३४ साली त्यांनी खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला होता. आपांना वाकण्याची ही ढब नवी वाटली नाही, रुकूची सवय होतीच. पुढच्या आठवड्यात भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे, पाठीची दोन्ही खवाटी मागे आवळून धरणे आणि काखेत टॉवेलची घडी धरून रबरी पट्टा बाहेर ओढणे, हे सुरू झाले. नियम असा, की व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढले तर वजन आणि वेळ कमी करायची. इफ्तारनंतर, पोटात थोडे अन्न-पाणी गेल्यावर, हे व्यायाम त्या करत.

घरातही बदल झाले. कापडांची फळी कमरेच्या उंचीवर आली. जड इस्त्री सून करू लागली. मशीनची खुर्ची दोन इंच उंच केली, म्हणजे कोपर खाली राहून कापड सरकवता येते. अर्धा तास शिवले, की उठून पाच मिनिटे हात मोकळा. झोपताना डाव्या कुशीवर, छातीशी उशी घेऊन, उजवा हात तिच्यावर.

आखरी अशऱ्यात, म्हणजे शेवटच्या दहा दिवसांत, आपांना सलग चार तास झोप लागू लागली. कळ गेलेली नव्हती. फळीवरून डबा काढताना ती अजून येत होती. पण बावीस जोड्या चांदरातीच्या आधी पोचल्या.

प्रत्येकाचा खांदा वेगळा

आपांचा निर्णय सर्वांना लागू होईल, असे नाही. त्याच मोहल्ल्यातल्या एका रंगाऱ्याने गेल्या वर्षी इंजेक्शन घेतले. वय चाळीस, मधुमेह नाही, ईदच्या आधी छताच्या रंगकामाची घाई. त्याच्यासाठी इंजेक्शन चूक नव्हते. चूक पुढे झाली. चौथ्या दिवशी आराम पडताच त्याने व्यायामाचा कागद खिशात ठेवला आणि शिडीवर चढून पुन्हा दिवसभर छत रंगवले. दोन महिन्यांत दुखणे परत. नंतर त्याने लांब दांड्याचा रोलर घेतला, छताचे काम सकाळी दोन तासच ठेवले आणि व्यायाम धरला, तेव्हा खांदा सावरला.

एक निवृत्त शिक्षक वुजू करताना ओल्या फरशीवर घसरले. त्यानंतर हात उचलताच येईना. घरच्यांनी तेही 'खांद्याची सूज' समजून तीन आठवडे शेकत बसवले. तपासात दोरी पूर्ण तुटलेली निघाली आणि त्यांना ऑपरेशनच योग्य ठरले. अशा रुग्णात उशीर नडतो. म्हणून शेजाऱ्याचा इलाज आपल्याला लावण्याआधी आपले दुखणे तेच आहे का, हे पाहावे. डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. माझी दोरी शाबूत आहे का? हा उपाय किती दिवस आराम देईल? आणि काहीच केले नाही, फक्त व्यायाम केला, तर काय होईल?

सज्दा आणि खुर्ची

खांदा दुखणाऱ्या नमाजींना आणखी एक अडचण येते. तकबीरसाठी हात उचलताना कळ येते, सज्दात तळहातांवर भार आला की दुखते, उठताना हाताचा टेकू घेता येत नाही. तरावीहच्या वीस रकअतींमध्ये हे पुन्हा पुन्हा घडते. अनेक जण सांगायला लाजतात. सहीह बुखारीत नोंद आहे, की इम्रान बिन हुसैन या सहाबींना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजबद्दल विचारले, तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले. दुखऱ्या खांद्याला तर इतकी सूटही लागत नाही. जमेल तेवढाच हात उचलावा, सज्दात भार दुसऱ्या हातावर आणि गुडघ्यांवर घ्यावा, उठताना चांगल्या हाताचा आधार घ्यावा. फारच त्रास असेल, तर खुर्ची आहेच. मशिदीत खुर्चीवर बसलेल्या तरुण माणसाकडे पाहून भुवया उंचावण्याआधी त्याच्या कुर्त्याखालच्या खांद्यात काय आहे, हे आपल्याला दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि शेवटी घरच्यांसाठी. या महिन्यात रोजेदाराला इफ्तार घडवण्याचे मोठे पुण्य, सवाब, सांगितले आहे. तो सवाब एकट्या अम्मीच्या किंवा सुनेच्या हातून का व्हावा? मुलांनी कणीक मळावी, पाण्याच्या घागरी भराव्यात, माळ्यावरची भांडी उतरवून द्यावीत. आपांच्या घरी आता मुलगा सहरीच्या आधी परात घेऊन बसतो. चपात्या वाकड्या होतात, त्यावर हसणेही होते. ईदनंतर आपांची तपासणी आहे. गणवेशाचे कापड दुकानदाराने पाठवून दिले आहे, पण निम्मेच घेईन, असे त्यांनी त्याला आधीच कळवले आहे.